दिसते साधी, चार दारांची

स्टिअरिंग पूर्ण वळवून पार्किंगमधून बाहेर पडत होतो आणि गाडी पुढे जाईचना. म्हणजे जात होती, पण हँडब्रेक अर्धवट ओढलेला राहावा तशी, कुंथत, हिसके देत. हँडब्रेक तर सोडलेला होता. उतरून पाहिलं, चाकाखाली दगडही नव्हता. सरळ रस्त्याला लागलो आणि सगळं सुरळीत झालं. मग डोक्यात प्रकाश पडला. आठवडाभरापूर्वी एका टायरला बाजूने चीर गेली होती, म्हणून तो एकच नवा टाकला होता. बाकीचे तीन निम्मे झिजलेले. टायर बसवणाऱ्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही की या गाडीची चारही चाकं ओढतात. तो तरी कशाला विचारेल? दिसायला ती चार दारांची, मोठ्या डिकीची, कुणाच्याही दारात उभी असेल अशी सेडान.

टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) आणि ऑल-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांची ओढ) असलेल्या घरच्या गाडीची माझ्या मते हीच खरी अडचण आहे. ती दिसते साधी, म्हणून तिची देखभालही साध्या गाडीसारखी होते.

ही तक्रार जुनीच आहे. टर्बोचं पेटंट स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूची यांनी १९०५ साली घेतलं, पण सर्वसामान्य गिऱ्हाइकाला विकलेल्या मोटारीत तो आला १९६२ साली, अमेरिकेत. तेव्हाच्या ओल्ड्समोबाइल कंपनीच्या जेटफायर गाडीत पेट्रोल अवेळी पेटून इंजिनाने ठोके मारू नयेत म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण आत फवारलं जायचं. त्याची टाकी मालकाने अधूनमधून भरायची होती. लोक विसरले. टाकी रिकामी झाली की गाडी स्वतःहून टर्बोचा दाब कमी करायची, आणि मग ‘पिकअप गेला’ म्हणून लोक परत यायचे. दोन वर्षांत ते मॉडेल बंद झालं. पुढे कंपनीने पुष्कळ गाड्यांचा टर्बोच काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला.

उलट उदाहरणही आहे. १९८० साली ऑडी क्वाट्रोत टर्बो आणि चारही चाकांची ओढ एकत्र आली. त्या दशकाच्या अखेरीस मित्सुबिशी गॅलंट व्हीआर-४ आणि सुबारू लेगसी यांनीही हेच चार दारांच्या गाडीत दिलं. जानेवारी १९८९ मध्ये टर्बोच्या लेगसीने ॲरिझोनातल्या चाचणी ट्रॅकवर १ लाख किलोमीटर अंतर ताशी सरासरी २२३ किलोमीटरने कापलं. साडेअठरा दिवस, रात्रंदिवस. अर्थात तिच्या दिमतीला मेकॅनिकांची फौज होती आणि प्रत्येक गोष्ट वेळच्या वेळी होत होती. म्हणजे यंत्र मुळात नाजूक नाही. त्याला विसराळू मालक चालत नाही, इतकंच.

आता त्या एका टायरने काय घोळ घातला ते पाहू.

चाकं ओली करून गाडी वळवली तर जमिनीवर चार वेगळे पट्टे उमटतात. आतलं चाक कमी अंतर कापतं, बाहेरचं जास्त. पुढची चाकं मोठ्या वर्तुळात फिरतात, मागची लहान. डाव्या-उजव्या चाकांमधला फरक जिरवायला प्रत्येक गाडीत डिफरन्शियल असतं. पण इंजिनाची ताकद पुढे-मागे दोन्हीकडे जात असेल, तर पुढच्या आणि मागच्या जोडीतला फरक जिरवायलाही मधे काहीतरी लागतं. कुठे ते फक्त दातेरी चाकांचं असतं. कुठे त्यात जाड सिलिकॉन द्रवात बुडालेल्या चकत्या असतात. फरक वाढला की द्रव तापतो आणि चकत्या एकमेकींना धरू लागतात. आणि आजच्या बऱ्याच सेडानमध्ये कॉम्प्युटर ताबा ठेवणारा क्लचचा गठ्ठा असतो, जो गरजेप्रमाणे मागची चाकं जोडतो आणि सोडतो.

या सगळ्यांची एक समजूत ठरलेली असते: गाडी सरळ जात असेल तर चारही चाकं सारख्याच फेऱ्या मारणार. ती समजूत टायरच्या झिजेने मोडते.

२२५/४५ आर १८ या मापाचा टायर घ्या. त्याचा बाहेरचा व्यास साधारण ६६० मिलिमीटर, परीघ २०७२. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर खोल धरली आणि निम्मी झिजली, तर व्यास ८ मिलिमीटरने घटला आणि परीघ २५ ने. नवा टायर किलोमीटरला सुमारे ४८२ फेऱ्या मारतो, झिजलेला ४८८. सहा फेऱ्या म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण १०० किलोमीटरच्या प्रवासात त्या ६०० होतात. नवं चाक एकच असल्यामुळे त्यातला निम्मा फरक त्या आसावरचं डिफरन्शियल खातं, उरलेला निम्मा मधल्या यंत्रणेवर येतो. म्हणजे सरळसोट महामार्गावर, कुठेही न वळता, ती बिचारी सतत वळण चालू असल्यासारखी राबते. हिशोब ढोबळ आहे. वजनाने टायर दबतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे इकडेतिकडे होतात. पण सततच्या घर्षणाने तिथलं ऑइल जळतं आणि चकत्या काळ्या पडून एकमेकींना चिकटायला लागतात. मग तीव्र वळणावर त्या सुटत नाहीत, आणि माझी कुंथली तशी गाडी पार्किंगमध्ये कुंथते.

सुबारू कंपनीने घातलेली मर्यादा चार टायरांच्या परिघातल्या पाव इंची फरकाची, म्हणजे ६.४ मिलिमीटरची आहे. नक्षीच्या खोलीत मोजलं तर हे जेमतेम १ मिलिमीटर. काही कंपन्या याहून सैल सोडतात, पण तत्त्व सगळीकडे एकच. म्हणून टायर घ्यायचे तर चार, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. दर ८ ते १० हजार किलोमीटरला त्यांची जागा बदलायची, म्हणजे चौघं बरोबरीने झिजतात. हवा महिन्यातून एकदा, टायर गार असताना पाहायची. झिजलेल्या संचात एकच बदलायची वेळ आली, तर नव्या टायरची नक्षी यंत्रावर तासून इतरांच्या बरोबरीला आणता येते. ही सोय सगळीकडे मिळत नाही. मला मिळाली नाही. आणखी तीन नवे टायर घ्यावे लागले आणि अजून वर्षभर चालले असते असे तीन टायर काढून टाकताना जीव तुटला. त्यातला बरा एक मी स्टेपनी म्हणून ठेवला.

स्टेपनीवरून आठवलं. बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिच्यावर घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत हळू जा, लांबचा प्रवास नको. काही जुन्या ऑटोमॅटिक सुबारूंमध्ये तर बॉनेटखाली एक रिकामी फ्यूजची जागा असायची. स्टेपनी लावली की तिथे फ्यूज खोचायचा, म्हणजे मागची ओढ बंद. आणि गाडी बंद पडून ओढून न्यायची झाली तर चारही चाकं जमिनीवरून उचललेली हवीत, म्हणजे सपाट फळीच्या ट्रकवरून. पुढची दोन उचलून मागची दोन फिरत ठेवली, तर त्या दहा किलोमीटरांत मधली यंत्रणा संपू शकते.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो, कारण तो जिवावर बेततो. चारही चाकांची ओढ गाडी पळवायला उपयोगी आहे: ओल्या चढावर, चिखलात, बर्फात ती अडकत नाही. थांबताना तिचा काडीचा उपयोग नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात आणि रस्ता धरतो तो टायर. निसरड्यावर झपकन निघणारी गाडी माणसाला खोटा धीर देते आणि पुढच्या वळणावर तो वसूल करते.

ऑइल म्हटलं की बहुतेकांना इंजिनाचंच आठवतं. या गाडीत गिअरबॉक्सचं वेगळं, मागच्या डिफरन्शियलचं वेगळं, काही गाड्यांत मधल्या क्लचचंही वेगळं ऑइल असतं. त्या क्लचच्या ऑइलमध्ये चकत्यांची झीज साठते आणि आतली बारीक जाळी तुंबते, म्हणून नुसतं ऑइल बदलून भागत नाही, जाळीही साफ करायची. मागच्या डिफरन्शियलमध्ये बहुधा ७५डब्ल्यू-९० दर्जाचं गिअर ऑइल असतं आणि ते एक-दीड लिटरच्या आतबाहेर असतं. निचऱ्याचा बोल्ट उघडण्याआधी भरायचा बोल्ट सैल होतो का ते पाहून घ्या. सगळं ऑइल सांडून झाल्यावर वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागची हलवता येत नाही. हे मी अनुभवाने सांगतोय, जास्त विचारू नका. काही ठिकाणी ‘लाइफटाइम’ ऑइल असं लिहिलेलं असतं. आयुष्यभर म्हणजे कुणाचं आयुष्य, हे तिथे लिहिलेलं नसतं. मी ५०-६० हजार किलोमीटरला बदलतो.

आता टर्बो.

इंजिन ताकद काढतं हवा आणि इंधन जाळून. इंधन जास्त घालणं सोपं आहे, हवा जास्त भरणं कठीण. साधं इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी ओढली जाईल तेवढीच हवा घेतं. टर्बोत दोन पंखे एकाच दांड्यावर बसवलेले असतात. सायलेन्सरकडे निघालेल्या तप्त वायूने एक फिरतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा ताजी हवा दाबून इंजिनात कोंबतो. वाया जाणाऱ्या जोरावर चालणारा पंप, एवढंच. हवेचा नेहमीचा दाब सुमारे १ बार. त्यावर आणखी १ बार चढवला की सिलिंडरमध्ये जवळपास दुप्पट हवा जाते. म्हणून दोन लिटरचं इंजिन तीन-साडेतीन लिटरच्या इंजिनासारखं ओढतं. उंच डोंगरावर, जिथे हवा विरळ असते, साधी गाडी दर हजार मीटरला दहा टक्क्यांच्या आसपास दम गमावते. टर्बो तिथे जास्त फिरून ती तूट बरीचशी भरून काढतो.

आता त्या दांड्याचे हाल पाहा. इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर किंचाळत असेल तेव्हा ते सेकंदाला १०० फेऱ्या मारतं. टर्बो मिनिटाला दीड लाख फेऱ्या सहज गाठतो, म्हणजे सेकंदाला अडीच हजार. पंखा ५० मिलिमीटरचा धरला, तर त्याच्या पात्याचं टोक सेकंदाला ३९० मीटरच्या पुढे जातं. आवाज हवेतून जातो सेकंदाला ३४३ मीटरने. दांड्याच्या एका टोकाला ९०० अंशांचा वायू, हातभरही नसलेल्या अंतरावर दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा. आणि बहुतेक टर्बोंमध्ये हा दांडा ज्या बेअरिंगमध्ये फिरतो, तिथे गोळ्या नसतात. तो इंजिन ऑइलच्या केसाहून पातळ थरावर तरंगत असतो.

हे चित्र डोळ्यांसमोर ठेवलं की सर्व्हिस पुस्तिकेतले नियम पाठ करावे लागत नाहीत. ऑइल कमी झालं, जुनं झालं किंवा त्यात काजळी साचली, तर तो थर तुटतो आणि धातूला धातू लागतो. इंजिनाच्या इतर भागांना अशा ऑइलवर दिवस काढता येतात, टर्बोला काही सेकंद पुरतात. म्हणून कंपनीने १५ हजार किलोमीटर सांगितले असले, तरी मी ७-८ हजारांत किंवा सहा महिन्यांत ऑइल आणि फिल्टर बदलतो, विशेषतः गाडी रोज थोडंथोडंच फिरत असेल तर. छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही, ऑइलमध्ये पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल उतरतं, आणि किलोमीटरचा आकडा लहान दिसत असताना ऑइल मात्र म्हातारं होतं. दर दुसऱ्या वेळी पेट्रोल भरताना सपाट जागी, इंजिन बंद करून चार-पाच मिनिटांनी डिपस्टिक काढून पाहायची. टर्बो इंजिन दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये थोडं ऑइल पितं. दिवा लागायची वाट पाहणारे लोक टर्बो विकत घेणारे लोक होतात.

सकाळी इंजिन चालू करून लगेच गाडी पिळायची नाही. पाण्याचा काटा मधोमध आला म्हणजे ऑइल तापलं असं नाही, ऑइलला त्याहून बराच वेळ लागतो. पहिली दहा-एक मिनिटं हलक्या पायाने चालवा. उलट टोकाला, घाट चढून आल्या आल्या किल्ली फिरवून बंद केली, तर ऑइलचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या बेअरिंगमध्ये अडकलेलं ऑइल करपून कोळसा होतो. तव्यावर राहिलेल्या तेलाचं जे होतं तेच. तो कोळसा पुढे बारीक नळीत अडकतो. आजच्या टर्बोंभोवती पाणीही खेळवलेलं असतं, इंजिन बंद झाल्यावरही ते उष्णतेने आपोआप थोडा वेळ फिरत राहतं, त्यामुळे धोका पूर्वीइतका नाही. तरी शेवटचे दोन-तीन किलोमीटर शांतपणे चालवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. दारात पाच मिनिटं इंजिन घुरघुरत ठेवण्याची मग गरजच पडत नाही.

पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या आजच्या टर्बो इंजिनांची आणखी एक खोड आहे. वरच्या गिअरमध्ये, १,५०० फेऱ्यांवर गाडी रेंगाळत असताना ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, की क्वचित एखादा ऑइल-पेट्रोलचा थेंब प्लगची ठिणगी पडण्याआधीच पेट घेतो. पिस्टन अजून वर येत असतो आणि वरून स्फोट. असा एक जोराचा झटका पिस्टनचा काठ फोडू शकतो. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या रसायनांचा यात हात असल्याचं दिसल्यावर नवे दर्जे आले: एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेचे, २०१८ मध्ये एसएन प्लस, २०२० मध्ये एसपी. अशा इंजिनाच्या ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० वगैरे दाटपणाच्या आकड्यांइतकीच ही अक्षरं पाहा. ओव्हरटेक करताना एक गिअर उतरवा. ठोके मारू नयेत म्हणून कंपनीने सांगितलेल्या ऑक्टेनचंच पेट्रोल घाला.

हवा दाबली की तापते. २५ अंशांची हवा १ बारने दाबली तर ११० ते १२० अंशांपर्यंत जाते. तिला गार करायला इंटरकूलर असतो आणि टर्बो ते इंटरकूलर ते इंजिन अशी रबरी नळ्यांची रांग असते. टर्बो गाडीचा पिकअप गेला, की निम्म्या वेळा दोषी या नळ्या असतात. दाबाखाली असताना चिरलेल्या नळीतून फुस्स असा आवाज येतो, पण गाडी उभी असताना ती चीर दिसतही नाही. एअर फिल्टरचंही तसंच. ज्या पंख्याची टोकं आवाजाच्या पुढे पळतात, त्याला वाळूचा कणही गोळीसारखा लागतो. मेकॅनिकने ‘टर्बो गेला’ असं सांगितलं, तर आधी नळ्या, त्या आवळणाऱ्या पट्ट्या, फिल्टर आणि जास्तीचा दाब सोडणारी झडप तपासून घ्या म्हणावं. निळा धूर, सायरनसारखा चढत जाणारा आवाज आणि दांडा हाताने हलवल्यावर पंखा बाहेरच्या आवरणाला लागणं, हे तिन्ही असेल तर टर्बो खरंच गेला. तेव्हाही तो का गेला हे शोधल्याशिवाय नवा बसवू नका. ऑइलची नळी तुंबलेलीच राहिली तर नवाही त्याच वाटेने जातो. तुटलेल्या पंख्याचे तुकडे इंटरकूलरमध्ये दबा धरून बसलेले असतात ते वेगळेच.

प्लग साध्या इंजिनापेक्षा लवकर बदलावे लागतात. टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपांची वेळ साधणारा पट्टा) असेल तर किलोमीटर आणि वर्षं, जे आधी भरेल ते. इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून जास्त ताकद काढण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. कारखान्याने सुरक्षिततेसाठी राखून ठेवलेली क्षमता खाऊन ती ताकद येते आणि क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल तेच राहतात. शिवाय चारही चाकं रस्ता धरून ठेवतात, म्हणून जादा जोर टायर घसरण्यात न जाता थेट त्या दातेरी चाकांवर पडतो. मी केलेलं नाही, करणारही नाही.

जुनी घ्यायची असेल तर बॉनेट उघडण्याआधी खाली बसून चारही टायर पाहा. कंपन्या वेगळ्या असतील किंवा एकाच टायरची नक्षी टवटवीत असेल, तर मालकाची सवय कळली. इंजिन पूर्ण गार असताना तुमच्यासमोर चालू करायला सांगा, आधीच तापवून ठेवलेल्या गाडीवर दुसऱ्या दिवशी परत या. गाडी तापल्यावर दोन मिनिटं जागच्या जागी चालू ठेवून मग ॲक्सिलरेटर दाबा आणि आरशात निळा धूर शोधा. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून इंग्रजी आठच्या आकारात अगदी हळू फिरवा, खिडक्या उघड्या ठेवून. हिसके, कुंथणं, टायरची चूं-चूं काहीही ऐकू येता कामा नये. ऑइलच्या झाकणाखाली काळा चिखल आहे का ते बघा, बिलं मागा. आणि मागच्या डिफरन्शियलचं ऑइल शेवटचं कधी बदललं असं विचारल्यावर समोरच्याने ‘तिथेही ऑइल असतं का?’ असं विचारलं, तर सगळी ऑइलं आणि चार टायर किमतीतून वजा करून मगच पुढचं बोला.